कोणत्याही शाखेची पदवी

राज्यसेवेची जाहिरात काढून बघा, किंवा बँकेतल्या प्रोबेशनरी ऑफिसरची, किंवा स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या पदवी पातळीवरच्या परीक्षेची. वयोमर्यादा, आरक्षण, परीक्षा शुल्क या सगळ्या गर्दीत शैक्षणिक पात्रतेची एक ओळ सापडते: मान्यताप्राप्त विद्यापीठाची कोणत्याही शाखेतील पदवी. मोजक्या पदांना वेगळी अट असते, बाकी सगळीकडे हेच. बारावीचा निकाल लागल्यावर ज्या घरांत आठवडाभर कोणी कोणाशी धड बोलत नाही, मुलगी मानसशास्त्र म्हणते आणि वडील कॉम्प्युटर म्हणतात, त्या घरांतली बरीच मुलं चार-पाच वर्षांनी याच ओळीखाली येऊन उभी राहतात. मेकॅनिकलवाला, बी.एस्सी. ॲग्रीवाला, मराठी घेऊन बी.ए. झालेली, सगळे एका रांगेत. जाहिरातीला त्यांच्या भांडणाचा पत्ता नसतो.

मी स्वतः या ओळीवर पोट भरतो. नव्वदच्या दशकात जिल्ह्याच्या गावी इतिहास घेऊन बी.ए. झालो आणि परीक्षा देऊन राष्ट्रीयीकृत बँकेत लागलो. मुलाखतीत कोणी पानिपत विचारलं नाही. नंतर बराच काळ कर्ज विभागात गेला, त्यामुळे इतरांच्या विषयनिवडीच्या फायली माझ्या टेबलावरून जात राहिल्या. शैक्षणिक कर्जाचा अर्ज म्हणजे एका घराने लावलेल्या पैजेची कागदपत्रंच असतात. त्या पैजांचं पुढे काय झालं तेही दिसतं, कारण हप्ता आला की नाही हे बँकेला कळतंच.

इतक्या वर्षांनी ‘आवड की करिअर’ हा प्रश्न मला चुकीच्या माणसाला विचारलेला वाटतो. तो आपण सतरा वर्षांच्या पोराला विचारतो. त्याऐवजी विचारायला हवं की या जागेची किंमत किती, ती मोजून आत नक्की काय शिकायला मिळतं, आणि मध्येच वाट बदलावीशी वाटली तर भुर्दंड किती. ही उत्तरं पोराकडे नसतात. ती कॉलेजकडे, विद्यापीठाकडे आणि सरकारकडे मागावी लागतात. त्यांच्याकडे मागणं कठीण, म्हणून आपण पोराला धरतो.

आधी करिअरवाल्यांचं बघू, कारण त्यांचा आवाज मोठा असतो. त्यांचा दावा असा की आवड वगैरे ठीक, पण बाजारात काय चालतं ते बघून विषय घ्यावा. म्हणायला व्यवहारी आहे. पण पदवी संपेल तेव्हाचा बाजार कोणाला दिसलेला असतो?

डी.एड.चं उदाहरण महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्यात कोणीही सांगेल. २००५ च्या आसपास ‘दोन वर्षांचा कोर्स आणि लगेच शिक्षकाची नोकरी’ हे इतकं पक्कं मानलं जात होतं की बारावीला उत्तम गुण मिळवलेली मुलं-मुली पदवी सोडून तिकडे वळली. कॉलेजं उगवली. विहीर खणावी तशी अध्यापक विद्यालयं काढली गेली, पाण्याचा अंदाज न घेता. २०१० मध्ये सीईटीतून भरती झाली, २०१२ मध्ये शिक्षकभरतीवर बंदी आली, २०१३ पासून टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, सक्तीची झाली, आणि पवित्र या सरकारी भरती पोर्टलवरून प्रत्यक्ष नेमणुका व्हायला २०१९ उजाडलं. ज्यांनी ‘करिअर बघून’ निवड केली होती त्यांची पंचविशी त्यात गेली. त्या मुलांना कोणी स्वप्नाळू म्हणू शकत नाही. सगळ्यात व्यवहारी सल्ला त्यांनीच ऐकला होता.

इंजिनिअरिंगचं गणित थोडं गुंतागुंतीचं आहे. १९८३ मध्ये वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना राज्यात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली. त्याआधी मोजकी सरकारी आणि अनुदानित कॉलेजं होती; ज्याला तिथं प्रवेश मिळायचा नाही आणि ज्याच्या घरी पैसा असायचा तो कॅपिटेशन फी भरून कर्नाटकात जायचा. दादांच्या निर्णयाला शिव्या देण्याची आपल्याकडे फॅशन आहे, मला ती पटत नाही. त्या कॉलेजांनी सांगली, नगर, अमरावतीकडच्या कितीतरी शेतकरी घरांतून पहिला इंजिनिअर काढला, आणि पुढे सॉफ्टवेअरची लाट आली तेव्हा हिंजवडीपासून अमेरिकेपर्यंत जी मराठी मुलं दिसू लागली त्यांतली बरीच याच कॉलेजांतली. पण त्याच निर्णयाने विषयाला किंमतपट्टी लागली. इंजिनिअरिंगची जागा ही विकत घ्यायची वस्तू झाली, आणि विकत घेतलेल्या वस्तूचा परतावा मागणं ओघानं आलं. ‘करिअर’ हा शब्द ज्या अर्थाने आज घराघरांत वापरला जातो तो अर्थ तिथून आला असावा, असा माझा समज आहे.

मग तो परतावा तरी स्थिर राहिला का? देशभरात अभियांत्रिकीच्या पदविका ते पदव्युत्तर मिळून जागा २०१४-१५ मध्ये ३१ लाखांच्या वर गेल्या होत्या. २०२१-२२ पर्यंत त्या सुमारे २३ लाखांवर आल्या. कॉलेजं बंद पडली, काहींनी शाखा बंद केल्या. ज्या मेकॅनिकलला आमच्या काळी ‘रॉयल ब्रँच’ म्हणत, तिथं कॅप राउंड, म्हणजे केंद्रीय प्रवेशाच्या फेऱ्या, संपल्यावरही जागा रिकाम्या राहू लागल्या. आणि आता उलटा झोका: २०२४-२५ पासून एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेने चांगल्या संस्थांसाठी प्रवेशक्षमतेवरची कमाल मर्यादाच काढली, तसे कॉम्प्युटर आणि एआय-डेटा सायन्सचे वर्ग वाढत निघाले. ही मुलं बाहेर पडतील तेव्हा काय असेल, हे मला माहीत नाही, कॉलेजला माहीत नाही आणि नाक्यावरच्या क्लासच्या फ्लेक्सलाही माहीत नाही. फ्लेक्स मात्र ठामपणे बोलतो.

आता आवडीच्या बाजूचं. इथं आपल्याकडे एक ठरलेली नामावली आहे. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे सर्जन होते, १९६९ मध्ये प्रॅक्टिस सोडून पूर्णवेळ नट झाले. डॉ. जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ, दौंडला दवाखाना. डॉ. मोहन आगाशे मानसोपचाराचे प्राध्यापक. तिघेही पुण्याच्या बी. जे. मेडिकलचे. या नावांवरून आपण गंमत म्हणजे दोन्ही निष्कर्ष काढतो. एक काका म्हणतात, बघ, शेवटी आवडच जिंकली. दुसरे म्हणतात, बघ, आधी डिग्री घेतली मग नाटकं केली. मला त्या उदाहरणात तिसरीच गोष्ट दिसते. बी. जे. सरकारी कॉलेज होतं आणि तिथं शिकण्याचा खर्च मध्यमवर्गीय घराला पेलणारा होता. संध्याकाळी तालमीला जाण्याची चैन त्या विद्यार्थ्यांना परवडली, कारण डोक्यावर हप्ता नव्हता. आज खाजगी मेडिकलला लाखोंची फी भरून डॉक्टर झालेल्या मुलाने बेचाळिशीत दवाखाना बंद करून रंगभूमीवर जायचं म्हटलं, तर घरचे विरोध करायच्या आधी बँकेचं पत्र येईल.

आवडीची दुसरी अडचण अशी की सतराव्या वर्षी ती माहीत असते हे गृहीतकच कच्चं आहे. कशाची आवड असणार? जे दिसलं त्याचीच ना. भूगर्भशास्त्र, संख्याशास्त्र, भाषाविज्ञान, पुरातत्त्व हे विषय बारावीपर्यंत मुलाच्या वाटेत धड येतच नाहीत. ज्या मुलीने आयुष्यात कधी मानवशास्त्राचं पुस्तक उघडलं नाही तिला मानवशास्त्राची आवड नाही, हे वाक्य खरं आहे आणि निरुपयोगी आहे. इरावती कर्वे फर्ग्युसनमधून तत्त्वज्ञान घेऊन बी.ए. झाल्या, मग मुंबई विद्यापीठात घुर्ये यांच्याकडे समाजशास्त्र, आणि तिथून बर्लिनला जाऊन मानवशास्त्रात डॉक्टरेट. विषय त्यांना शिक्षकांमार्फत, संस्थांमार्फत, वाटेत भेटत गेले. हल्ली शाळा-शाळांत कलचाचण्या घेतल्या जातात, रंगीत आलेखाचा अहवाल मिळतो आणि पालक तो फ्रेम करायचा तेवढा बाकी ठेवतात. मला त्या चाचण्यांचा राग नाही. पण अहवालात आलेली ‘आवड’ म्हणजे त्या मुलाच्या शाळेची, गावाची आणि घरातल्या पुस्तकांच्या कपाटाची मोजदाद असते, हे कोणी सांगत नाही.

आणि ज्यांची आवड अगदी स्पष्ट होती त्यांना तरी ती मिळाली का? बाबासाहेब आंबेडकरांना शाळेत संस्कृत शिकायचं होतं. जातीमुळे शिकवायला नकार मिळाला आणि त्यांना फारसी घ्यावी लागली; संस्कृत त्यांनी पुढे स्वतःच्या बळावर शिकून घेतलं. तेच आंबेडकर १९१३ मध्ये बडोदा सरकारच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले आणि अर्थशास्त्र मुख्य असतानाही इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानवशास्त्र अशा विषयांचे वर्ग त्यांनी घेतले. माणूस तोच, बुद्धी तीच, भूक तीच. एका ठिकाणी दार बंद होतं आणि दुसऱ्या ठिकाणी कोणीतरी फी भरली होती. त्या शिष्यवृत्तीलाही परत येऊन बडोद्यात नोकरी करण्याची अट होती, म्हणजे करिअरने तिथंही पाठ सोडली नव्हतीच. पण विषयांची मोकळीक मिळाली ती पैशाची सोय झाल्यावर. आवड ही मनातली गोष्ट आहे असं म्हणणाऱ्यांनी हा क्रम बघावा.

आगरकरांचं आईला लिहिलेलं पत्र आपल्याला शाळेपासून माहीत असतं: एवढ्या मोठ्या परीक्षा दिलेला मुलगा आता मोठ्या पगाराची नोकरी धरील असे मनोरथ करू नकोस, पोटापुरत्या पैशावर संतोष मानून बाकीचा वेळ लोकांच्या कामी घालवणार, अशा आशयाचं. एम.ए. होताना हे लिहायला फार मोठं मन लागतं. पण आपण त्या पत्राचा एक वाईट उपयोग करून ठेवला आहे. इतिहास, मराठी, तत्त्वज्ञान शिकणाऱ्या मुलाकडून आपण जणू व्रताची अपेक्षा करतो. त्याला कमी पगार मिळाला की ‘शेवटी आवडीचं केलंस ना’ म्हणून विषय संपवतो. आगरकरांनी त्याग स्वतःहून केला होता. आज कला शाखेच्या प्राध्यापकाकडून तो शासननिर्णयाने करवून घेतला जातो.

हे मी उगाच म्हणत नाही. २००१ नंतर राज्यात नवी महाविद्यालयं ‘कायम विनाअनुदानित’ तत्त्वावर देण्याचं धोरण आलं. जुन्या अनुदानित कॉलेजांत निवृत्त होणाऱ्यांच्या जागा वर्षानुवर्षं भरल्या गेल्या नाहीत. त्या जागांवर सीएचबी, म्हणजे घड्याळी तासिका तत्त्वावर माणसं येतात. नेट-सेट या प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षा पास झालेली, पीएच.डी. झालेली. तासाप्रमाणे मोबदला, तोही उशिरा, सुट्टीचे पैसे नाहीत, वर्ष संपलं की नेमणूक संपली. अशा माणसाने वर्गात जाऊन विषयाबद्दल पोटतिडकीने बोलावं, आणि ते ऐकून एखाद्या मुलीने ठरवावं की मला हेच शिकायचं आहे, ही आपली आवडीची व्यवस्था. मुलगी हुशार असेल तर ती सरांच्या व्याख्यानाबरोबर सरांची मोटरसायकलही बघते.

मला इतिहासाची गोडी लागली ती एका सरांमुळे. ते मोडी कागदांच्या झेरॉक्स आणायचे आणि आम्हाला विचारायचे, हा कागद कोणी लिहिला, कोणासाठी लिहिला, यात काय लपवलंय? निवाडा असो की वसुलीचा हिशेब, पहिला प्रश्न तोच. कर्जाचा प्रकल्प अहवाल वाचताना, सातबारा आणि फेरफार जुळवताना मी आजही त्याच प्रश्नाने सुरुवात करतो. म्हणून इतिहासाची पदवी बँकेत उपयोगी पडली असा दावा करायला मी तयार आहे, पण जपून. ती पदवी उपयोगी पडली नाही. ते सर उपयोगी पडले. त्याच कॉलेजात त्याच वर्षी तोच विषय घेऊन, दुसऱ्या तुकडीत गाइड पाठ करून जी मुलं पास झाली त्यांच्या हाती तीच गुणपत्रिका आली. सर पूर्णवेळ होते, कायम होते, रविवारी घरी बोलवायचे. त्यांचा पगार सरकार देत होतं आणि आमची फी घरात कोणाला वेगळी आठवावी इतकी मोठी नव्हती. माझी ‘आवड’ या दोन वाक्यांच्या आधाराने उभी होती, हे तेव्हा कळत नव्हतं.

आता कर्जाच्या टेबलावर येतो, कारण खरी निवड तिथं होते. सध्याच्या पद्धतीत साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला सहसा मालमत्ता तारण द्यावी लागत नाही. आई किंवा वडील सहकर्जदार असतात. समजा खाजगी इंजिनिअरिंग कॉलेजची फी, वसतिगृह, मेस धरून चार वर्षांत हे साडेसात लाख सारख्या चार हप्त्यांत उचलले. व्याज १० टक्के धरू. अभ्यासक्रमाची चार वर्षं आणि पुढचं एक वर्ष हप्ता नसतो, पण व्याज चालू असतं. सरळव्याजानेच ते दोन लाख बासष्ट हजारांच्या वर जातं. ते मुद्दलात मिळवून दहा वर्षांची परतफेड लावली की महिन्याचा हप्ता १३ हजार ४०० च्या जवळ बसतो. मोठ्या आयटी कंपन्या कॅम्पसमधून नवख्यांना जे घाऊक पॅकेज देतात ते साडेतीन लाखांच्या आसपास असतं, आणि गेली दहा-बारा वर्षं ते फारसं हललेलं नाही. हातात महिना पंचवीस हजारांच्या आत-बाहेर. पुण्यात कॉट बेसिसवर राहून, मेस लावून, त्यातले तेरा हजार बँकेला. हा मुलगा वर्षभरात म्हणाला की मला टेस्टिंगचा कंटाळा आलाय, मला समाजकार्यात एम.ए. करायचंय, तर त्याला आवड नाही म्हणून तो जात नाही असं कोण म्हणेल?

याउलट अनुदानित कॉलेजातल्या बी.ए., बी.एस्सी.ची फी वर्षाला काही हजारांत असते. तीन वर्षांनी तो मुलगा चुकला असं ठरलं तरी वर्षं गेली, घर गेलं नाही. मी शाखेत पालकांना एवढंच सांगत आलोय की स्वस्त जागेवर आवडीचा विषय घेण्यात फारसा धोका नाही, आणि महाग जागेवर आवडीचा विषय घेतला काय किंवा नावडीचा घेतला काय, धोका किमतीचा आहे. यावर सगळ्यात चांगला प्रतिवाद मला एका ट्रॅक्टर कर्जदाराने ऐकवला होता. तो म्हणाला, साहेब, तुमच्या स्वस्त बी.ए.ला गावात कोणी पोरगी देत नाही. हे मी खोडून काढू शकलो नाही. पदवीला लग्नाच्या बाजारातही भाव असतो आणि तो बँकेच्या कुठल्याच तक्त्यात बसत नाही.

मुलींच्या बाबतीत हाच बाजार उलट्या दिशेने चालतो. एकाच घरात मुलाला विनाअनुदानित इंजिनिअरिंग आणि मुलीला जवळच्या कॉलेजात बी.ए., हे इतकं सर्रास आहे की त्याला कोणी निवड म्हणतही नाही. ‘तिला वाचनाची आवड आहेच’ असं म्हणून ते साजरं केलं जातं. २०२४-२५ पासून राज्य सरकारने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं. वसतिगृह आणि मेस त्यात नाही, रक्कम कॉलेजला उशिरा पोचली की कॉलेज मुलीकडे बघतं, हे सगळं खरं. तरीही मी या निर्णयाचा पक्का समर्थक आहे, कारण त्याने घरातला एक जुना युक्तिवाद काढून घेतला. फी नाही म्हटल्यावर वडिलांना खरं कारण सांगावं लागतं.

हेच गणित परदेशाचं. अमेरिकेत एफ-१ व्हिसावर शिकलेल्याला पदवीनंतर बारा महिने काम करता येतं. विषय ‘स्टेम’, म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञान-अभियांत्रिकी-गणिताच्या, यादीत असेल तर आणखी चोवीस महिने. तिथल्या काही विद्यापीठांनी अर्थशास्त्राच्या अभ्यासक्रमांना गणिती नावाच्या गटात हलवलं ते काही निव्वळ ज्ञानप्रेमापोटी नाही. कोथरूडचा फ्लॅट गहाण टाकून चाळीस लाखांचं कर्ज घेणारा मुलगा विषय निवडताना ती यादी बघतो. त्याला लोभी म्हणण्यात अर्थ नाही, त्याच्यावर आईवडिलांचं छप्पर आहे.

एक आक्षेप मला रास्त वाटतो. डॉक्टर, नर्स, वकील, सी.ए., आर्किटेक्ट यांच्या बाबतीत विषय म्हणजेच पेशा आहे. तिथं ‘कोणत्याही शाखेची पदवी’ चालत नाही आणि आवड-नावड बऱ्याचदा लवकर ठरवावी लागते. मान्य. रक्त बघून चक्कर येणाऱ्याने नर्सिंगला जाऊ नये. पण आपल्याकडे पदवी घेणाऱ्यांतला फार मोठा भाग या पेशांबाहेरचा आहे, आणि त्या सगळ्यांवर आपण डॉक्टरकीचं गणित लादतो, जणू प्रत्येक विषयाच्या शेवटी एक पाटी लावलेला दवाखाना उभा आहे. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांत जाऊन बघा. राज्यसेवेची नवी वर्णनात्मक, म्हणजे लेखी उत्तरांची, पद्धत पुढे ढकला म्हणून २०२३ मध्ये पुण्यात मुलं रस्त्यावर आली आणि ती २०२५ वर गेली. त्या गर्दीत बी.ई. झालेले किती असतील ते अभ्यासिकेचा मालक सांगेल. यूपीएससीला वैकल्पिक विषय निवडताना हेच इंजिनिअर मराठी साहित्य किंवा मानवशास्त्र घेतात. का? ‘स्कोअरिंग’ आहे म्हणून. आवड आणि करिअर यांच्यात हा तिसरा देव कधी येऊन बसला कोणास ठाऊक.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने कागदावर यातल्या बऱ्याच दुखण्यांवर औषध लिहून दिलं आहे. मेजर-मायनर, म्हणजे मुख्य विषयाला जोड दुसरा विषय, मध्येच बाहेर पडून परत येण्याची सोय, श्रेयांकांची बँक. यूजीसीने २०२२ मध्ये एकाच वेळी दोन पदव्या करायलाही मुभा दिली. राज्यात आधी स्वायत्त महाविद्यालयांत आणि मग २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांत हे धोरण लागू झालं. विचार म्हणून मला तो पटतो. भौतिकशास्त्रवाल्याला संगीत घेता यावं, यात न पटण्यासारखं काय आहे? पण तालुक्याच्या कॉलेजात मायनर म्हणून मिळतं काय, तर ज्या विषयाला माणूस आहे ते. इतिहासाचा एक प्राध्यापक आणि मराठीचा एक सीएचबी असेल तर इतिहासाच्या मुलाचं मायनर मराठी, हे ठरलेलंच. शिवाय ऑनर्ससाठी पदवीचं चौथं वर्ष केलं की स्वस्त जागाही एका वर्षाने महाग होते, हे धोरण लिहिणाऱ्यांना दिसलं असेल, पण शेतमजुराच्या मुलीने ते आधी पाहिलं.

म्हणून मागणी कुठे करायची हे मला आता पुरेसं स्पष्ट आहे. केंद्राच्या एनआयआरएफ या शिक्षणसंस्थांच्या क्रमवारीत भाग घेणाऱ्या संस्थांना दरवर्षी माहिती द्यावी लागते: किती विद्यार्थी नोकरीला लागले, त्यांच्या पगाराचा मध्यक किती, किती जण पुढच्या शिक्षणाला गेले, शिक्षक किती. ही माहिती जाहीर असते, फक्त ती बघायला कोणी सांगत नाही. कॉलेजच्या फ्लेक्सवर सर्वाधिक पॅकेज असतं, एका मुलाचं. मध्यक म्हणजे रांगेत बरोबर मधे उभ्या असलेल्या मुलाचा पगार, आणि तुमचा मुलगा त्या मधल्याच्या आसपास असण्याची शक्यता सगळ्यात जास्त. हप्त्याचं गणित या आकड्यावर मांडायचं असतं. माझ्या टेबलासमोर बसलेल्या पालकांना मी हा आकडा विचारतो तेव्हा बहुतेक जण कॉलेजच्या माहितीपुस्तिकेतलं सर्वाधिक पॅकेजवालं पान उलटून दाखवतात.

सीईटी सेलच्या, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षा कक्षाच्या, ऑप्शन फॉर्मवर प्रत्येक जागेसमोर महाविद्यालयाचा कोड आणि शाखा येते. त्याच ओळीत चार वर्षांची एकूण फी, मागच्या तीन वर्षांचा मध्यक पगार आणि पूर्णवेळ शिक्षकांची संख्या छापायला नवा कायदा लागत नाही. फीचा आकडा शुल्क नियामक प्राधिकरणाकडे आहे, बाकीचं संस्था कुठे ना कुठे भरतेच. कला-वाणिज्य-विज्ञानाच्या महाविद्यालयांनी प्रवेश अर्जावर विषयासमोर लिहावं की या विषयाला कायम शिक्षक किती आणि तासिकेवर किती. जिथं ‘कायम: शून्य’ छापावं लागेल तिथं आमदाराला प्रश्न विचारायला पालकांच्या हातात काहीतरी असेल. आज तो पालक घरी जाऊन मुलीला विचारतो, तुला नक्की कशात आवड आहे ते एकदा ठरव.